बाळंतपणातली आकडी आणि आईचा मेंदू

जानेफळला, मेहकरला किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात पित्ताची लक्षणे विचारा. डोके ठणकणे, मळमळ, उलटी, छातीखाली जळजळ, डोळ्यांपुढे अंधारी, असे उत्तर घरातले कोणीही देईल. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हीच लक्षणे एकत्र आली, तर मात्र 'पित्त वाढलंय' हे निदान महागात पडू शकते. रक्तदाब न मोजता दिलेली पित्ताची गोळी आकडी येण्याआधीचे मोलाचे तास खाऊन टाकते.

ही आकडी म्हणजे गर्भाक्षेपक. दवाखान्यात तिला एक्लॅम्प्शिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसला, तर ते प्रीएक्लॅम्प्शिया. त्यात झटके आले की एक्लॅम्प्शिया. आईच्या जिवाला असलेला धोका बराचसा मेंदूतून येतो, म्हणून या लेखात आढावा मेंदूचाच घेतला आहे.

महाराष्ट्राची मातामृत्यूची स्थिती देशात चांगली मानली जाते. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यात ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. पण हा आकडा फक्त मृत्यूंचा आहे. आकडीतून वाचलेली, पण एक हात लुळा पडलेली, शब्द न आठवणारी किंवा पुढे अधूनमधून झटके येणारी बाई त्यात कुठेच दिसत नाही.

मेंदूत काय होते

आजाराची सुरुवात वारेत होते. वारेच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत नीट रुंदावल्या नाहीत, तर तिला रक्त अपुरे पडते आणि ती आईच्या रक्तात काही घातक प्रथिने सोडू लागते. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले अनंत करुमांची आणि त्यांच्या बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यातले एक प्रमुख प्रथिन दाखवून दिले. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी ठेवणारे घटक हे प्रथिन अडवून धरते. अस्तर बिघडले की शरीरभरच्या वाहिन्या आकसतात आणि पाझरू लागतात.

मेंदूच्या वाहिन्यांना स्वतःचे नियंत्रण असते. रक्तदाब चढला की त्या आकसतात आणि आतल्या नाजूक केशवाहिन्यांवर ताण येऊ देत नाहीत. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की हे नियंत्रण सुटते आणि रक्तातले पाणी मेंदूच्या पेशींभोवती साचते. एक्लॅम्प्शियात अस्तर आधीच बिघडलेले असल्याने ही मर्यादा खाली येते. म्हणूनच वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेला माणूस २०० च्या दाबावरही चालत दवाखान्यात येतो, आणि एरवी १००/६० रक्तदाब असणाऱ्या वीस वर्षांच्या, अशक्त मुलीला १५०/१०० वर आकडी येऊ शकते. तिच्यासाठी ती झेप फार मोठी असते.

सूज बहुधा मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टीशी संबंधित क्षेत्रात आधी येते. त्या भागातल्या वाहिन्यांना चेतातंतूंचे संरक्षण कमी मिळते, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, धूसर दिसणे, क्वचित काहीच न दिसणे ही लक्षणे इथून येतात. १९९६ मध्ये जूडी हिंची आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या तपासणीवरून या सुजेचे चित्र मांडले. आज ते 'प्रेस' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. पुढे अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात एक्लॅम्प्शिया झालेल्या ४७ स्त्रियांच्या मेंदूची चित्रे तपासली, तेव्हा ४६ जणींत हा बदल सापडला. तो सापडणे हा अपवाद नसून एक्लॅम्प्शियाचा नेहमीचा भागच आहे, असे २०१३ च्या या अभ्यासावरून दिसते.

सूज उतरते, पण सगळेच परत मिळत नाही

बहुतेक बायकांत ही सूज दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात या आजारात दृष्टी गेलेल्या १५ स्त्रियांची नोंद १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अंधत्व काही तासांपासून आठ दिवसांपर्यंत टिकले आणि सगळ्यांची दृष्टी परत आली. घाबरलेल्या घरच्यांना धीर द्यायला ही माहिती फार उपयोगी आहे. पण त्याच शहरात एमआरआय करून पाहिलेल्या २७ स्त्रियांपैकी २५ जणींत सूज आढळली, आणि सहा जणींत सुजेच्या जोडीला मेंदूचा काही भाग रक्ताअभावी कायमचा मेलाही होता. साधारण चारांत एक. बाहेरून बरी झालेली बाई आतूनही पूर्ण बरी झाली असेलच असे नाही, हे २००४ च्या या अभ्यासाने दाखवले.

सर्वांत जीवघेणी गुंतागुंत म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. मिसिसिपीच्याच जेम्स मार्टिन यांनी २००५ मध्ये प्रीएक्लॅम्प्शियात पक्षाघात झालेल्या २८ स्त्रियांचा अभ्यास मांडला. ज्यांचे चित्रण झाले त्यांतल्या बहुतेकींना रक्तस्राव झाला होता आणि निम्म्याहून अधिक दगावल्या. त्यांचे रक्तदाब पाहताना एक ठळक बाब पुढे आली. वरचा आकडा जवळजवळ सगळ्यांचा १६० च्या वर होता, पण खालचा आकडा ११० पर्यंत पोचलेल्या फारच थोड्या होत्या. तोवर अनेक ठिकाणी खालचा आकडा ११० झाल्यावरच तातडीचे औषध सुरू करायची पद्धत होती. आज वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० यांपैकी काहीही आले आणि टिकले, तर अर्ध्या ते एका तासात औषध सुरू करावे, हे जगभर मान्य आहे.

तिसरी गुंतागुंत बाळंतपणानंतरची. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांच्या बाळंतिणीला वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, एका बाजूची कमजोरी येते. ही गुठळी एक्लॅम्प्शियाशिवायही होते, पण लक्षणे इतकी सारखी की एकाला दुसरे समजण्याची चूक सहज होते. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायची जुनी रीत इथे घातक ठरते, कारण शरीरातले पाणी कमी झाले की रक्त लवकर गोठते.

प्रत्येक आकडीला सीटी स्कॅन लागत नाही. शुद्ध परत येत नसेल, एका बाजूची ताकद गेली असेल, औषध चालू असूनही झटके येत असतील, किंवा पहिला झटका बाळंतपणानंतर ४८ तास उलटून आला असेल, तर मात्र चित्रण टाळू नये. आपल्याकडे अपस्मार, मेंदूज्वर, मेंदूचा हिवताप, रक्तातली साखर उतरणे ही कारणेही लक्षात ठेवावी लागतात. तरीही नियम असा की गरोदर बाईला आकडी आली तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती एक्लॅम्प्शियाच समजायची.

मद्रास, डॅलस, सोलापूर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन वैद्य स्त्रोगानोव यांनी मॉर्फिन, क्लोरल आणि अंधारी शांत खोली हा उपचार रूढ केला. भारतात १९६० नंतर मद्रासच्या कृष्ण मेनन यांचे तीन शामक औषधांचे मिश्रण बरीच वर्षे चालले. त्याने बाई गाढ झोपायची, पण श्वासाचा धोका असायचा आणि बाळही सुस्त जन्मायचे. दुसरीकडे डॅलसच्या जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ पासून मॅग्नेशियम सल्फेटची ठरावीक मात्रा वापरली आणि १९८४ मध्ये २४५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांत फक्त एक मृत्यू होता, आणि तोही मॅग्नेशियमची मात्रा जास्त झाल्यामुळे.

वाद मिटला १९९५ मध्ये. भारतासह अनेक देशांतल्या सुमारे १,७०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियमने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी केले. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक प्रीएक्लॅम्प्शियाच्या रुग्ण होत्या. आकडी येण्याआधीच मॅग्नेशियम दिले तर ती येण्याची शक्यता निम्म्याहून खाली जाते, हे तिथे सिद्ध झाले.

महाराष्ट्राचा वाटा यापुढचा आहे. आपल्या बायकांचे वजन अमेरिकी बायकांपेक्षा बरेच कमी, मग मात्रा तेवढीच का, हा प्रश्न सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी घेतला आणि २००३ मध्ये कमी मात्रेची पद्धत मांडली. सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम, मग दर तीन तासांनी २ ग्रॅम. देशात पुढे झालेल्या कमी मात्रेच्या अनेक अभ्यासांत या पद्धतीचा उल्लेख येतो. जागतिक आरोग्य संघटना अजूनही पूर्ण मात्राच सुचवते. त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा, पण मॅग्नेशियमच्या भीतीने ते न देणे ही चूक मात्र कोणी करू नये. गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा अधिक आहेत का, लघवी पुरेशी होते का, एवढे पाहून पुढची मात्रा देता येते. उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी ठेवायचे.

रक्तदाबाच्या औषधाचा प्रश्न नागपूरने सोडवला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात डॉ. शुचिता मुंडले आणि परदेशी सहकाऱ्यांनी ८९४ स्त्रियांवर तीन तोंडी औषधांची तुलना केली. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०१९ ला आले. सहा तासांत रक्तदाब सुरक्षित पातळीवर आणि कोणताही अनिष्ट परिणाम नाही, हे यश निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के स्त्रियांत मिळवले. शिरेतून औषध देण्याची सोय नसेल तिथेही साध्या गोळीने काम भागते, हा त्याचा अर्थ. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची जुनी सवय मात्र सोडायला हवी, कारण दाब एकदम कोसळला तर आई आणि बाळ दोघांचाही रक्तपुरवठा तुटतो. त्याच दोन रुग्णालयांत २०१७ ला प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीने कळा आणण्यासाठी फोली नळीपेक्षा मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने अधिक स्त्रिया २४ तासांत नैसर्गिकरीत्या बाळंत होतात, हे दाखवले. शेवटी या आजाराचा खरा उपाय बाळ आणि वार बाहेर येणे हाच, म्हणून त्याचे महत्त्व.

जानेफळहून पुढे

जानेफळ हे मेहकर-खामगाव रस्त्यावरचे गाव. गावात आकडी आली तर प्राथमिक आरोग्य केंद्र हा पहिला थांबा. त्यानंतर खाली मेहकर, वर खामगाव, पलीकडे बुलडाणा आणि गंभीर रुग्णासाठी अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय. बुलडाण्यातही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वाटेत दोन-तीन ठिकाणी 'पुढे न्या' ऐकायला लागले, तर मेंदूचा वेळ त्यातच जातो. शस्त्रक्रिया, रक्त आणि अतिदक्षता एकाच छपराखाली असेल तिथेच फोन करून सरळ जायला हवे.

निघण्याआधी मॅग्नेशियमची पहिली मात्रा द्यायची. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनानुसार उपकेंद्राची परिचारिका, म्हणजे एएनएमसुद्धा ती देऊ शकते: १० ग्रॅम, अर्धे-अर्धे दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत खोलवर. दोन मिलीच्या एका बाटलीत एक ग्रॅम, म्हणजे दहा बाटल्या फोडायच्या. आकडी चालू असताना, घरचे ओरडत असताना हे काम हातांना सवय असेल तरच होते. म्हणून दहा बाटल्या, सिरिंज आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एकाच डब्यात भरून प्रसूतिगृहात ठेवावेत आणि महिन्यातून एकदा सराव व्हावा.

घरच्यांनी करायचे काम थोडे आहे. बाईला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवाव्यात आणि १०८ ला फोन करावा. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. झटका बहुधा मिनिट-दीड मिनिटात आपोआप थांबतो. तो थांबला म्हणून गाडी परत पाठवू नये. आणि 'बाहेरचं' म्हणून आधी मांत्रिकाकडे नेले, तर पुढचे सगळे उपाय उशिराचे ठरतात.

नजरेआड जाणारे दोन काळ

औषध स्वस्त आहे, पुरावा पक्का आहे, गाडी फुकट आहे. तरी आकड्या येतात, कारण दोन काळांत रक्तदाब कोणी मोजतच नाही.

पहिला काळ माहेरी जाण्याचा. हा आजार पहिलटकरणीत जास्त, आणि पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते, म्हणजे नेमका धोका सुरू होताना तिची ओळखीची आशाताई, एएनएम आणि नोंदवही सासरीच राहतात. नव्या गावात नाव नोंदवेपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. १९९२ च्या ब्रिटनमधल्या पाहणीत दर दहा हजार बाळंतपणांमागे सुमारे पाच जणींना आकडी आली, आणि त्यांतल्या ३८ टक्के स्त्रियांत वाढलेला रक्तदाब व लघवीतली प्रथिने ही दोन्ही चिन्हे नोंदली जाण्याआधीच झटका आला होता. तपासण्या नियमित असलेल्या देशात ही स्थिती, तर तपासणी चुकलेल्या महिन्याचे काय?

दुसरा काळ बाळंतपणानंतरचा. त्याच पाहणीत ४४ टक्के आकड्या बाळंतपणानंतर आल्या. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो. आपल्याकडे नैसर्गिक बाळंतपणानंतर दोन दिवसांत सुट्टी मिळते. म्हणजे दाब चढतो तेव्हा बाई घरी बाजेवर शेक घेत असते. डोके दुखले तर कोणी पाठीतल्या भुलीला दोष देते, कोणी झोप न झाल्याला, कोणी वाऱ्याला. कारण काहीही असो, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत डोकेदुखी झाली की आधी रक्तदाब मोजायचा.

इथे यंत्रणा तयार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, ती २०११ पासून देशभर राबवली जाते. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचे वजन करायला गेलेल्या हाताने आईचा रक्तदाबही मोजला, तर धोक्याच्या दिवसांवर नजर राहते. मात्र नुसत्या मोजण्याने भागणार नाही. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत गावपातळीच्या कार्यकर्त्यांकडून रक्तदाब मोजून पहिली मात्रा देण्याचा मोठा प्रयोग २०१४ ते २०१६ दरम्यान झाला. पाकिस्तान आणि मोझांबिकसह त्याचे एकत्रित निष्कर्ष २०२० मध्ये आले, आणि एकूण मृत्यू व गंभीर आजार लक्षणीयरीत्या घटलेले दिसले नाहीत. एकाच बाईला आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या तिथे मात्र मृतजन्म कमी आढळले. धडा सरळ आहे: भेटी पुरेशा हव्यात आणि पुढचा दवाखाना तयार हवा.

आधी आणि नंतर

टाळण्याचे दोन उपाय स्वस्त आहेत. आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे ते पुरवल्याने प्रीएक्लॅम्प्शिया घटतो. २०१४ च्या राष्ट्रीय धोरणात चौथ्या महिन्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आहेत. लोहाच्या गोळीसोबत त्या एकत्र घेऊ नयेत, हे सांगायचे राहून जाते. दुसरा उपाय कमी मात्रेची ॲस्पिरिन. पूर्वी हा त्रास झालेल्या, मधुमेही, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा जुळी असलेल्या गरोदर बाईला ती सोळाव्या आठवड्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करतात. पहिलटकरणींवरच्या एका आंतरराष्ट्रीय ॲस्पिरिन चाचणीत नागपूर आणि बेळगाव ही दोन्ही केंद्रे होती. त्यात अकाली बाळंतपणे १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आली.

बाळंतपण आटोपले की धोका संपला, हा समजही सोडायला हवा. २००७ च्या एका व्यापक आढाव्यानुसार प्रीएक्लॅम्प्शिया झालेल्या स्त्रियांत पुढे उच्च रक्तदाब जवळजवळ चौपट आणि पक्षाघात सुमारे पावणेदोन पट आढळतो. डेन्मार्कमधल्या लाखो स्त्रियांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले की उतारवयात रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे येणारा स्मृतिभ्रंशही त्यांच्यात तिपटीहून अधिक असतो. आकडी येऊन गेलेल्या काही बायका विसराळूपणाची, लक्ष न लागण्याची तक्रार वर्षानुवर्षे करतात. घरचे ती मनावर घेत नाहीत, आणि डॉक्टरही बाळंतपणाचा इतिहास विचारत नाहीत. 'बाळंतपणात आकडी आली होती' ही ओळ बाईच्या कायमच्या वैद्यकीय कागदावर हवी आणि वर्षातून एकदा तिचा रक्तदाब तपासला जावा.

या प्रश्नात आता वैद्यकशास्त्राची उणीव फारशी उरलेली नाही. सोलापूर आणि नागपूरने औषधाचा आणि मात्रेचा प्रश्न पुढे नेला, गडचिरोलीने घरोघरी पोचण्याची वाट दाखवली. उरलेले काम मोजण्याचे आहे. घरात माहेरवाशीण आली असेल, तर त्याच आठवड्यात तिचे कार्ड घेऊन उपकेंद्रात जा. घरात बाळंतीण असेल, तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तिचा रक्तदाब मोजून मागा. आणि डोके दुखतेय म्हणाली, तर पित्ताची गोळी देण्याआधी यंत्र आणा.